पदरचं घालायचं नाही

वॉकर परत करायचा आणि लगेच निघायचं, एवढाच तिचा बेत होता.

अम्मीचा पाय मोडला तेव्हा मशिदीशेजारच्या जमातीच्या संस्थेने तो वॉकर वापरायला दिला होता. संस्थेच्या तळमजल्यावर अशा वस्तूंची एक खोलीच होती. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, वर-खाली होणारे पलंग. ज्याला लागेल त्याने न्यावं, बरं वाटलं की आणून द्यावं. कोण, कुठला, कुणाचा, हे तिथे कुणी विचारत नसे. वस्तू पुसून आणा, एवढीच अट. म्हणून ती लखलखीत पुसलेला वॉकर घेऊन आली, तर खोलीला कुलूप. "सगळे वर आहेत, सभेला," दारावरचा माणूस म्हणाला.

ती वॉकर उचलून जिना चढली. हॉल गच्च भरला होता. पूर ओसरून थोडेच दिवस झाले होते आणि संस्थेचे अध्यक्ष बोलत होते. आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेला माणूस. अजूनही प्रत्येक वाक्य पुडीत बांधून दिल्यासारखं देत असे.

"पाणी चढायला लागलं आणि आपण मशिदीच्या लाउडस्पीकरवरून सगळ्या वस्तीला सावध केलं. कामगार संघाने होड्या आणल्या, चर्चच्या बायकांनी अंथरुणं दिली. पण पहिला आवाज आपला होता. एकही घर सुटलं नाही!"

टाळ्या पडल्या. आणि तिसऱ्या रांगेतला एक माणूस उभा राहिला. तोंड बंद. हात मात्र भराभर चाललेले.

"बसा भाई, नंतर विचारा," कुणीतरी म्हणालं. तो बसला नाही. "अहो, बसा!" दुसरा आणखी मोठ्याने ओरडला, जणू ओरडल्याने काही होणार होतं.

तिने ते हात वाचले. वाचायचे म्हणून नाही... समोर आलेली दुकानाची पाटी जशी आपोआप वाचली जाते, तसे. अम्मीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे या मुलीचे हात तिच्या जिभेआधी बोलायला लागले होते. पुढे तेच पोटापाण्याचं काम झालं. कोर्टात ती दुभाषी होती. सवय वाईट. वॉकर धरून, दारातूनच ती मोठ्याने म्हणाली,

"माझं घर सुटलं."

सगळ्या माना वळल्या. अध्यक्षांनी चष्मा खाली ओढला. "बेटी, कुठे आहे तुमचं घर?"

"माझं नाही. यांचं."

"पण तुम्ही तर माझं म्हणालात..."

"ते माझं म्हणाले, म्हणून मी माझं म्हणाले. दुभाष्याने तसंच बोलायचं असतं."

पुढच्या रांगेतून खजिनदार खालांचा आवाज आला. "तोंड हिचं, घर त्याचं. कळलं आम्हाला. बोल गं पुढे!"

तो माणूस हा घोळ बघत उभा होता. ओठांचा एक कोपरा जरासा वर गेला... आणि हात पुन्हा सुरू झाले. तिने आवाज दिला.

"मी चाव्या करतो. पुलाखालच्या गल्लीत दुकान, मागे घर. त्या दिवशी मी एका तिजोरीचं कुलूप खोलत बसलो होतो. पूर आल्याचं मला माझ्या चपलेने सांगितलं."

हॉल हसला.

"हसा. मीसुद्धा हसलो. पण माझ्या गल्लीत एक म्हातारी आहे. तिलाही ऐकू येत नाही. पाण्यातून जाऊन मी तिचं दार वाजवलं. वाजवून काय उपयोग, हे माझं मलाच नंतर सुचलं. शेवटी कुलूप खोलून आत गेलो. ती पलंगावर उभी होती. लाउडस्पीकर चांगला आहे, साहेब. फक्त तो आमच्यासाठी नाही."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्ष मंचावरून खाली उतरले, त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. "मग आपलं काम अर्धंच झालं," ते म्हणाले. "दर गुरुवारी समिती बसते. तुम्ही या. आणि बेटी, तुम्हीही."

"मी तर वॉकर..."

"तो राहू द्या. तुम्ही या."

जिन्यात त्याने तिला गाठलं. "तुम्ही नेहमी वॉकर घेऊन फिरता?" हात विचारत होते.

"फक्त सभांना," तिचे हात म्हणाले.

* * *

तिच्या कामाचा नियम साधा होता. पदरचं काही घालायचं नाही, पोटात काही ठेवायचं नाही. समोरचा बोलेल ते, बोलेल तसं. कोर्टात तिने शिव्यासुद्धा त्याच सपाट आवाजात पोचवल्या होत्या.

चावीवाल्याला या नियमाचा पत्ता लागला आणि तिथून तिची पंचाईत सुरू झाली.

पूर पुन्हा आला तर कुठल्या गल्लीत कोण धावेल, यावर समिती बोलत होती. चिटणीस लिहून घेत होते. चावीवाल्याने हात वर केला, त्याला बोलायची परवानगी मिळाली.

"पुलाखालची गल्ली माझ्याकडे द्या," ती आवाज देत होती. "कामगार संघाचे दोघं मदतीला येणार आहेत. आणि... दुभाषीबाईंनी आज निळा दुपट्टा घेतलाय, तो... तो त्यांना शोभतो."

चिटणिसांनी मान वर केली.

"असं हे म्हणतायत," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

चिटणिसांचं पेन थांबलं. "हे लिहायचं का?"

"लिहा की!" खाला म्हणाल्या. "आज संध्याकाळपासून एवढंच काय ते कुणीतरी नीट बघून बोललंय."

बैठक संपल्यावर तिने त्याला चपला ठेवायच्या फळीपाशी अडवलं. "असं करत जाऊ नका."

"मी काय केलं?"

"मला ते बोलावं लागतं!"

"म्हणून तर सांगितलं." तो मुळीच ओशाळला नव्हता. "माझ्याकडून कळलं असतं तर घरी जाईपर्यंत विसरला असता. स्वतःच्या तोंडून ऐकलेलं माणूस विसरत नाही."

तिने केस कानामागे सारले. त्याने ते पाहिलं, आणि दोन बोटं कानामागे नेऊन तिच्याकडे दाखवली. ऐकू न येणारी माणसं आपल्या माणसाला हाताचं एक नाव देतात. मागून मिळत नाही, दिलं की घ्यायचं. तिला ते मिळालं होतं.

मग शुक्रवारच्या खुतब्याचा प्रश्न निघाला. इमामसाहेबांचं प्रवचन ऐकू न येणाऱ्यांना कळावं कसं? दुभाषी एकच, आणि ती बाई. "पुरुषांच्या समोर बाई उभी राहणार?" समितीतले बांधकामाचे ठेकेदार म्हणाले. वाईट माणूस नव्हे. फक्त त्यांचं मत नेहमी त्यांच्या आधी खोलीत शिरायचं.

"बरोबर आहे तुमचं," खाला म्हणाल्या. "मग तुम्ही शिका हातांची भाषा. तुम्ही उभे राहा."

ठेकेदार छताकडे बघू लागले. बरीच घासाघीस होऊन ठरलं ते असं: ती वर बायकांच्या सज्जात उभी राहील, समोर कॅमेरा असेल, आणि खाली एका भिंतीशी पडदा लावायचा, त्याच्यासमोर या लोकांनी बसायचं.

पहिल्या शुक्रवारी तिला वरून खालचं काहीच दिसलं नाही. ती एका काळ्या भिंगाशी बोलत राहिली. उतरली तेव्हा तो जिन्याखाली उभा होता. नेहमीची थट्टा चेहऱ्यावर नव्हती.

"लहानपणापासून इथे येतोय," त्याचे हात सावकाश म्हणाले. "सगळ्यांनी मान खाली घातली की मी घालायचो. सगळे आमीन म्हणाले की माझेही ओठ हलायचे. कशाला आमीन म्हणतोय... ते आज कळलं."

ती शेवटच्या पायरीवर थांबली.

"आणि इमामसाहेब विनोद करतात, हे मला माहीतच नव्हतं."

"तो काही फार चांगला नव्हता."

"हो ना. मला वाटलं तुमच्याकडून काही राहिलं की काय!"

घरी तिने अम्मीला सगळं सांगितलं. पडदा, भिंग, आमीन. अम्मी ऐकत होती, म्हणजे बघत होती. मग म्हणाली, "बाकी सगळं सांगताना तुझे हात पळतात. त्याच्याबद्दल सांगताना सावकाश होतात."

"अम्मी, काहीतरीच तुझं!"

"मला ऐकू येत नाही गं. दिसतं व्यवस्थित."

* * *

नगरपालिकेत पुराच्या तयारीची सुनावणी होती. जमात, कामगार संघ आणि चर्चच्या बायका एकत्र गेल्या होत्या. मागण्याही एकत्र. नदीकाठच्या खांबांवर लुकलुकणारे दिवे, फोनवर संदेश, आणि ऐकू न येणाऱ्या प्रत्येक घरासाठी ठरलेला एक माणूस. बोलायला चावीवाल्याला पुढे केलं होतं. तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता, आणि आदल्या दिवशी केस कापून घेतले होते... जरा जास्तच. तिला हसू आलं होतं.

लांब टेबलापलीकडचे अधिकारी थकलेले होते. त्यांनी मागण्या ऐकल्या, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "खरं सांगू का, अशा माणसांनी नदीकाठी एकटं राहूच नये. त्यांची कुठेतरी एकत्र सोय करून टाकावी. लक्ष ठेवायला बरं, आणि इतरांनाही ताप नाही."

तिचे हात उठले. समोर तो ताठ बसला होता, ते नको इतके कापलेले केस, आशेने मोठे झालेले डोळे. तिच्या हातांनी सांगितलं, "साहेब म्हणतायत, तुमच्या सुरक्षिततेची त्यांना काळजी आहे. काहीतरी सोय करायला हवी."

तो हसला. मनापासून. आणि त्याने उत्तर दिलं.

तिने तोंड उघडलं. शब्द बाहेर येईना. कारण उत्तर होतं, "धन्यवाद, साहेब. आम्हाला हेच हवं होतं."

सगळे तिच्याकडे बघत होते. अध्यक्षांचा चेहरा पडलेला, खालांची मूठ आवळलेली. ते वाक्य तिने उच्चारलं असतं तर एक माणूस स्वतःच्याच हद्दपारीवर, हसत हसत, सही केल्यासारखं झालं असतं.

"माफ करा," ती म्हणाली, आणि हा आवाज तिचा स्वतःचा होता. "चूक माझी आहे. साहेबांचं बोलणं मी यांना नीट पोचवलं नाही. मला ते पुन्हा सांगू द्या."

आणि तिने सांगितलं. अशा माणसांनी. एकत्र. ताप. एकही शब्द न गाळता.

त्याचं हसू विझताना तिला बघावं लागलं. तो क्षणभर तिच्याकडेच बघत राहिला, अधिकाऱ्यांकडे नाही. मग वळला.

"साहेब," तिने त्याचा आवाज दिला, "लोकांच्या घरांची दारं उघडून देणं हे माझं काम आहे. मला कुठेतरी आत ठेवून बाहेरून कडी लावा, हे मागायला मी आलेलो नाही. पूर आला त्या दिवशी त्या म्हातारीच्या घरी पहिला मी पोचलो. ऐकू येणारं कुणी पोचलं नव्हतं. आम्हाला दिवे द्या. नदीकाठी राहायचं की नाही, ते आमचं आम्ही बघू."

दिवे मंजूर झाले. बाकीचं विचाराधीन. पायऱ्यांवर लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते, पण तो तिला बाजूला घेऊन गेला.

"का केलंत?"

"तुम्हाला लागलं असतं."

"लागलं असतं तर मला लागलं असतं. माझ्या वाटणीचं होतं ते!" त्याचे हात एकमेकांवर आपटत होते. "सगळ्यांचे चेहरे पडले होते आणि तुमचे हात गोड बोलत होते. मी तुमच्या हातांवर विश्वास ठेवला. कोर्टात कधी कुणाचं वाक्य गाळलंत?"

"नाही."

"मग माझंच का?"

त्याने वाट पाहिली. चिडलेला होता, पण वाट पाहिली.

"कारण..." तिचे हात अडखळले. "इतरांसाठी बोलताना हे हात माझे नसतात. तुमच्यासाठी बोलताना... माझेच होऊन जातात."

त्याचा राग तिथेच गळून पडला. तो काही म्हणणार, तोच तिने त्याला थांबवलं.

"आपल्या माणसासाठी दुभाषी व्हायचं नसतं. का, ते आज दिसलंच. तुम्ही माझे झालात, तर मला हे काम सोडावं लागेल."

"आणि इथे दुसरं कुणी नाही."

"नाही."

खाली अध्यक्ष कुणालातरी दिव्यांचं सांगत होते. संस्थेत हळूहळू येऊ लागलेली माणसं तिच्या डोळ्यांसमोर आली. पुलाखालची म्हातारी, शिवणवर्गातल्या दोन बहिणी, पडद्यासमोर बसणारे सगळे. ती बाजूला झाली की त्यांच्यासाठी हॉल पुन्हा मुका होणार होता.

त्याच्याही डोळ्यांसमोर तेच असावं. त्याने बराच वेळ हात खिशात ठेवले. ऐकू न येणाऱ्या माणसाचं ते गप्प बसणं असतं. मग हात बाहेर आले.

"आम्हाला दुभाषी हवी आहे," तो म्हणाला. आम्हाला. मला नाही.

तिने मान हलवली.

* * *

त्यानंतर तिने एकही वाक्य गाळलं नाही. त्यानेही दुपट्ट्यांबद्दल बोलणं सोडलं. गुरुवारच्या बैठका सुरळीत होऊ लागल्या, आणि चिटणीस एकदा उसासा टाकून म्हणाले, "हल्ली लिहायला मजा नाही."

मग कळलं, की तो हॉलमध्ये हातांच्या भाषेचा वर्ग घेतो आहे. असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या नमाजानंतर, कुणीही यावं. तीही जायला निघाली, तर त्याने दारातच अडवलं.

"तुम्ही नका येऊ. तुम्ही दिसलात की सगळे आपलं तुमच्याकडून बोलून घेतात. शिकत कुणी नाही."

कारण पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. वर्गाच्या बातम्या तिच्या कानावर येत. अध्यक्ष हात हलवताना ओरडून बोलतात. ठेकेदार पहिल्या रांगेत बसतात आणि घरी आरशासमोर सराव करतात. खालांची बोटं शिवणकामाची, भराभर वळतात. तक्रार एकच, की या भाषेत बोलताना हातात सुई धरता येत नाही. चर्चच्या दोघीतिघीही येतात.

"त्यांना आता माझी गरज नाही," एकदा ती अम्मीला म्हणाली.

अम्मी चपला घालत होती. "असेल," ती म्हणाली, आणि निघाली.

"कुठे चाललीस?"

"पाय मोकळे करायला." अम्मीचे पाय हल्ली रोजच, नेमके असरनंतर, आखडायचे.

वार्षिक सभेला ती वेळेवर पोचली. मंचावर डाव्या हाताला तिची नेहमीची जागा. तिथे खाला उभ्या होत्या, बाह्या दुमडून, परीक्षेला बसल्यासारख्या.

"खाला, ती जागा..."

"माझी आहे. तू खाली बस."

"पण यांचं बोलणं कोण..."

"बस म्हणते ना! तुझ्या अम्मीने तोंडाला फेस आणलाय माझ्या. आज चुकले तर ती मला घरी जाऊ देणार नाही."

तिने वळून पाहिलं. पहिल्या रांगेत अम्मी बसली होती, आणि मोठ्या आस्थेने छताचा पंखा बघत होती.

ती बसली. काय करावं तेच कळेना; या हॉलमध्ये ती कधी बसलीच नव्हती. चावीवाला उभा राहिला आणि खाला बोलू लागल्या. अडखळत, मधेच "थांब रे, पुन्हा सांग" म्हणत, पण बोलू लागल्या.

"आम्ही... नाही, मी. मी असं मांडतो, की संस्थेत एकच दुभाषी असू नये. एकच माणूस असला की... की त्याला आजारी पडता येत नाही, रागावता येत नाही. आणि... थांब. हां. आणि त्याला दुसरं काही होताही येत नाही. आज पाच जण तयार आहेत. एक मी... म्हणजे मी नाही, मी खाला. पुढचा वर्ग नदीकाठचे दिवे लागले की सुरू होईल."

दोन चुका होत्या. तिच्या लक्षात आल्या, जीभ वळवळली, आणि तिने ती दातांखाली धरली. मग खालांचं ते वाक्य तिच्या आत हळूच पोचलं. दुसरं काही होताही येत नाही... संध्याकाळमागून संध्याकाळ त्याने तिला दाराबाहेर ठेवलं होतं, ते यासाठी.

ठराव मंजूर झाला. ठेकेदारांनी सगळ्यात आधी हात वर केला होता. लोक उठायला लागले, खुर्च्या सरकल्या, आणि तो मंचावरून उतरून तिच्याकडे आला. तो भेदरला होता. नगरपालिकेतसुद्धा नव्हता, इतका.

"आता तू माझी दुभाषी नाहीस," त्याचे हात म्हणाले. लहान, छातीशी धरलेले. हातांनी कुजबुजायचं ते असं.

"नाही."

"मग विचारू?"

"किती उशीर," ती म्हणाली. "विचार."

त्याने विचारलं. तिने एकाच हाताने उत्तर दिलं, कारण दुसऱ्या हाताने तिला डोळे पुसायचे होते. त्याने ते उत्तर वाचलं... आणि पुन्हा दे म्हणाला, जणू पहिल्यांदा नीट दिसलंच नव्हतं. तिने पुन्हा दिलं.

"अरे, काय चाललंय तिकडे?" मंचावरून खाला टाचा उंचावून बघत होत्या. "मला दिसलं नाही! काय म्हणाला गं तो?"

सगळा हॉल थांबला. सवयच होती त्यांना. तो काही म्हणाला की सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे बघायचं.

ती वळली. चेहरा लाल, आवाज मात्र स्वच्छ.

"मला म्हणाला," ती म्हणाली.